उन्हाचा चटका आणि आपली दावण

आम्ही पुण्याच्या कडेच्या गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. गावं शहरात गेली, पण आमची दावण काही सुटली नाही. फरक एवढाच झाला की गोठ्याच्या चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, वारा अडला, दारातला कडुनिंब गेला आणि कौलाच्या जागी पत्रा आला. आज आम्ही बोलणार आहोत ते एकाएकी तापणाऱ्या उन्हाबद्दल. आम्हाला हे पुस्तकातून कळलं नाही, एक गाय गमावून कळलं.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. आठ दिवसांपूर्वी पहाटे गोधडी लागत होती आणि अचानक ऊन तापलं. आमच्या गटातल्या एका वहिनींकडे दुसऱ्या वेताची संकरित गाय होती, गटाचं कर्ज काढून आणलेली. दोन दिवस तिचं दूध उतरलं. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली असेल. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. तिसऱ्या दिवशी वहिनी लग्नाला गेल्या. गाईला ऊन लागू नये म्हणून जाताना गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री बांधून गेल्या. चार वाजता परत येऊन बघतात तर गाय आडवी, जीभ बाहेर, तोंडातून लाळेच्या तारा. डॉक्टर आले, सुई दिली, पण दिवेलागणीपर्यंत गाय गेली. डॉक्टर म्हणाले, "बाई, ऊन लागलं नाही, पण वारा कोंडला. गाय आतल्या आत भाजून निघाली." वहिनींनी मायेनं बांधलेली ताडपत्रीच घातक ठरली. आणि कर्जाचे हप्ते अजून बाकी होते.

असं का होतं, ते समजून घेऊ. गाईच्या अंगाची उष्णता साधारण साडेअडतीस अंश असते. तिचं पोट म्हणजे पेटलेली चूल. चारा पचताना आतून ऊब तयार होत असते, आणि जितकं दूध जास्त तितकी चूल मोठी. म्हणून जास्त दुधाच्या संकरित गाईला त्रास आधी होतो. आपली खिलार किंवा गीर त्यामानानं ऊन सोसते. म्हशीला घाम कमी येतो, वर काळी कातडी ऊन ओढून घेते. म्हणून तर ती डोहात बसते. पूर्वी आमच्या म्हशी दुपारी नदीत डुंबायच्या. आता मुळा-मुठेचं पाणी त्या लायकीचं राहिलं नाही.

दुसरी गोष्ट, अंगवळणी पडण्याची. जनावराला उन्हाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मे महिन्यातलं ऊन ते सोसतं, पण मार्चमधलं अचानक आलेलं सोसत नाही. २०२२ चा मार्च आठवतो ना? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात उष्ण मार्च तो होता.

या नोंदी ठेवणारं हवामान खात्याचं मोठं कार्यालय आपल्या शिवाजीनगरला आहे. १९२८ मध्ये ते सिमल्याहून इथं आलं, म्हणून जुनी माणसं त्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात. बातम्यांत सांगतात तो पारा कुठं मोजतात, ठाऊक आहे? पांढऱ्या रंगाच्या, चारी बाजूंनी फटी असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर. म्हणजे तो सावलीतला, खेळत्या वाऱ्यातला पारा. आपल्या पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. आणि मैदानी भागात चाळीस अंश झाल्याशिवाय उष्णतेची लाट जाहीर होत नाही. दुभत्या संकरित गाईला तर पंचवीस-सव्वीस अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो. तेव्हा लाट जाहीर होण्याची वाट बघू नका. उलट त्या पेटीवरूनच शिका: गोठा वरून पांढरा हवा, सावलीत हवा आणि चारी बाजूंनी मोकळा हवा.

आता खुणा. गाय धापा टाकते, मिनिटाला साठाच्या वर श्वास चालतो. पोटाची बाजू खालीवर होते ती मोजा, सोपं आहे. ती बसत नाही, उभीच राहते. रवंथ बंद करते. लाळ गळते. पाण्याच्या हौदापाशी घुटमळते. दूध उतरतं, डेअरीत फॅट कमी लागते. म्हशीचा माज मुका होतो, रात्री-पहाटे येऊन जातो आणि आपल्याला कळत नाही. एक माज चुकला की तीन आठवडे वाया.

उपाय आपल्या हातातले आहेत. पत्र्याला वरून चुना मारा. त्यावर उसाचं पाचट नाहीतर कडब्याच्या पेंढ्या पसरा. बाजूला ओली गोणपाटं लावायची तर खाली-वर वाट ठेवून लावा. अंगावर पाणी मारा, पण पंखा किंवा वारा असेल तरच. कोंदट गोठ्यात नुसतं पाणी मारलं तर दमट होऊन त्रास वाढतो.

पाण्याचं तर बघाच. दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणी असतं, ते येणार कुठून? दुभत्या गाईला उन्हाळ्यात ऐंशी ते शंभर लिटर पाणी लागू शकतं. दोन वेळा बादली दाखवून भागत नाही, समोर सतत हवं. आणि छतावरच्या काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी नको. हौद सावलीत ठेवा.

वैरण पहाटे आणि रात्री जास्त टाका, म्हणजे पोटातली चूल भर दुपारी पेटणार नाही. हिरवा चारा, खनिज मिश्रण आणि मीठ द्या. खाण्याचा सोडा किती द्यायचा, ते डॉक्टरांना विचारा. एक जपा: पाण्यावाचून सुकलेली कोवळी ज्वारी किंवा तिचा फुटवा खाऊ घालू नका, किराळ लागते.

बैल असतील तर ध्यानात ठेवा, पारा सदतीसच्या वर असताना दुपारी बारा ते तीन त्यांना जुंपायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे.

आणि जनावर पडलंच तर? आधी सावलीत, वाऱ्यात आणा. डोक्यावर, मानेवर, पायांवर गार पाणी ओता. नळीनं किंवा बाटलीनं तोंडात पाणी कोंबू नका, ते फुप्फुसात जातं. शुद्धीवर असेल तर समोर बादली ठेवा, ते स्वतः पिईल. आणि लगेच १९६२ ला फोन लावा. ही जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची फुकट सेवा आहे.

त्या वर्षी वहिनींचे हप्ते आम्ही गटानं सहा महिने पुढं ढकलले आणि एक नियम केला. होळी झाली की दुपारी एक ते चार पाळीनं एक बाई सगळ्यांच्या गोठ्यांत चक्कर मारते. हौदात पाणी आहे का, वारा आहे का, कोण धापा टाकतंय का, एवढंच बघते. घरची माणसं लग्नाला, बाजाराला, दवाखान्यात गेलेली असोत, त्यांची दावण बेवारस नसते. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, पण आधी श्वास मोजा.

मैत्रिणींनो, उद्या दुपारी दोन वाजता एक काम करा. आपल्या गोठ्यात जाऊन गाईच्या शेजारी पाच मिनिटं उभ्या राहा. तुम्हाला सोसवलं नाही, तर तिलाही सोसवत नाहीये, एवढं समजा. मग तिथूनच कामाला लागा.