आतड्यातील जंत आणि शरीराची प्रतिकारशक्ती
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



फिकट चेहऱ्याचे, वर्गात डुलक्या घेणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. त्याला आळशी म्हणून दटावणे सोपे. परंतु पुष्कळदा त्या आळसाचे मूळ स्वभावात नसून पोटात असते. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषितो, आणि मूल पंडुरोगी होते. गोलकृमी आतड्यातील अन्नावर वाढतो.

अशा वेळी शरीर स्वस्थ बसते काय? मुळीच नाही. रोगजंतू सूक्ष्म असल्यामुळे श्वेतपेशी त्याला गिळून टाकू शकते. परंतु गोलकृमीची मादी वीतभर किंवा त्याहूनही लांब असते. तिला कोणती पेशी गिळणार? म्हणून शरीराने या शत्रूसाठी निराळी युक्ती योजिली आहे. ज्याला गिळता येत नाही, त्याला घराबाहेर लोटावे, ही ती युक्ती होय.

आतड्याच्या अस्तरात माथ्यावर झुपका असलेल्या काही विरळ पेशी असतात. त्यांचे कार्य दीर्घकाळ अज्ञात होते. त्या पहारेकऱ्याचे काम करतात, हे उंदरांवरील प्रयोगांवरून सन २०१६ मध्ये स्पष्ट झाले. जंतांची चाहूल लागताच त्या इंटरल्यूकिन-२५ नावाचे द्रव्य सोडतात. त्या संदेशाने शेजारच्या प्रतिकारपेशी जाग्या होऊन इंटरल्यूकिन-१३ निर्माण करतात. त्यायोगे श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींची संख्या वाढते, पहारेकरी पेशीही वाढतात, आणि आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावू लागतात. बुळबुळीत श्लेष्म्यामुळे जंतांची पकड सुटते व ते पुढे ढकलले जातात. याच वेळी रक्तात इओसिनोफिल नावाच्या श्वेतपेशी आणि 'आयजीई' ही प्रतिद्रव्ये वाढतात. उंदराच्या आतड्यातील एक जातीचा जंत या रीतीने सुमारे दोन आठवड्यांत बाहेर पडतो.

मग मुलांच्या पोटात जंत टिकतात कसे? जंतही कमी धूर्त नाहीत. ते अशी द्रव्ये सोडतात की, प्रतिकाराचा वेग मंदावतो. त्यामुळे गोलकृमी मनुष्याच्या आतड्यात वर्षभर, क्वचित् त्याहूनही अधिक काळ राहू शकतो. शिवाय एकदा जंत पडून गेले, तरी गोवर होऊन गेल्यावर मिळते तशी कायमची प्रतिकारशक्ती मिळत नाही. पुन्हा अंडी पोटात गेली की पुन्हा जंत होतात.

येथेच शिक्षकाचे कार्य सुरू होते. भारतात सन २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळेत दिली जाणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मुलांनी शिक्षकांसमक्ष चावून खावी. आजारी मुलास त्या दिवशी देऊ नये. परंतु गोळी पोटातील जंत घालविते, अंगणातील मातीत पडलेली अंडी घालवीत नाही. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालू शकते, आणि विष्ठेवाटे मातीत गेलेली ती अंडी काही आठवड्यांत संसर्गक्षम होतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या त्वचेतूनच शरीरात शिरतात. म्हणून शौचकूपाचा वापर, जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, नखे कापणे आणि पायांत वहाणा घालणे, हे पाठ पाढ्यांइतकेच नित्याचे झाले पाहिजेत.

मुलाचे शरीर आपल्या परीने झुंजतच असते. त्या झुंजीत त्याला शाळेची साथ मिळाली, तर मागच्या बाकावरचे ते फिकट मूल ताठ बसून फळ्याकडे पाहू लागेल.