नगरपालिकेचा हिशेब आणि आपली वस्ती



मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. तुम्ही मला धाराशिवला कविता वाचायला बोलावलंत. कविता नंतर. आज मी नगरपालिकेच्या हिशेबावर बोलणार आहे. हसू नका. आपल्या गटारीचा, नळाचा, दिव्याचा निकाल ज्या कागदावर लागतो तो कागद आपण वाचत नाही. आणि ज्यांना तो वाचता येतो ते आपल्यासाठी वाचत नाहीत.

गोदीतलं सांगतो. जहाजाबरोबर मॅनिफेस्ट येतं, त्यात लिहिलेलं असतं की इतके नग आहेत. धक्क्यावर टॅली क्लार्क उभा राहून उतरलेले नग मोजतो. दोन कागद जुळले नाहीत की बोंब होते. नगरपालिकेतही हेच दोन कागद. अंदाजपत्रक म्हणजे मॅनिफेस्ट, वर्षाअखेरचा जमाखर्च म्हणजे टॅली. पहिल्याची बातमी पेपरात येते, ‘इतक्या कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर.’ दुसऱ्याची बातमी कुणी छापत नाही. आपली वस्ती मेली ती या दोन कागदांच्या मधल्या फटीत.

आपल्या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग, मुरूम या नगरपरिषदा, आणि लोहारा, वाशी या नगरपंचायती. सगळ्या 1965 च्या एकाच अधिनियमाखाली चालतात. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी ही त्यांची स्वतःची कमाई. पूर्वी जकात होती. 1999 ला नगरपरिषदांची जकात गेली आणि मुख्य आधार उरला सरकारी अनुदानाचा. हात पसरणाऱ्याला धनी सांगेल तसंच खर्चावं लागतं.

पण नुसता गरिबीचा बहाणा ऐकू नका. मी राहतो त्या मुंबईच्या महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटींचं होतं. तिथंही झोपडपट्टीत बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. पैसा किती यापेक्षा तो कुणाच्या दारात उतरतो, हा खरा सवाल.

अंदाजपत्रक हातात घ्या. प्रत्येक बाबीसमोर रकाने असतात. मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज काय, पुढच्या वर्षाचा अंदाज काय. पुढारी शेवटचा रकाना वाचून दाखवतो. तुम्ही पहिला वाचा. दुर्बल घटकांसाठी 5 टक्के, महिला-बालकल्याणासाठी 5 टक्के खर्च करा असे सरकारी आदेश आहेत. दलित वस्ती सुधारणेचा निधी वेगळा येतो. समजा, अंदाजात दहा लाख धरले आणि प्रत्यक्षात दोन खर्चले. उरलेले आठ पुढच्या साली पुन्हा अंदाजात दिसतात. तेच पैसे, तीच घोषणा, पुन्हा टाळ्या. कागदावर आपला विकास दरसाल होतो, आणि दरसाल पावसात आपल्या घरात गटार शिरते.

दुसरी गोम. माझी आई याच जिल्ह्यातल्या एका गावात ठेकेदाराच्या हाताखाली रस्ते झाडायची. कायम कामगाराचा पगार आस्थापना खर्चात लिहितात. ठेक्यावरच्या बाईचा पगार लिहीतच नाहीत. तिथं ठेकेदाराचं बिल येतं, ‘साफसफाई’ म्हणून. त्या बिलातले तिच्या हातात किती पडले, ते अंदाजपत्रकात सापडायचं नाही. बाई वहीतून गायब, झाडू तेवढा शिल्लक. आस्थापना खर्च कमी केला म्हणून साहेब पाठ थोपटून घेतो तेव्हा ओळखा, की ठेक्याचा आकडा कुठंतरी फुगलाय.

कुणी म्हणेल, हे आकडेमोडीचं काम आपलं नव्हं. अरे, मग कुणाचं? जोतीराव फुले 1876 पासून पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून नगरपालिकेच्या पैशातून शहर सजवायचं ठरलं, तेव्हा विरोधात एकटे फुले उभे राहिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठ्यांसारखी ठिकाणं अस्पृश्यांना खुली करा, हा बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात 1923 ला झाला. महाडच्या नगरपालिकेनं 1924 ला चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. म्हणून 1926 ला बोल्यांनी पुढचा ठराव आणला. जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान बंद करा! तरी पाणी मिळालं नाही. ते 1927 ला बाबासाहेबांना सत्याग्रहानं घ्यावं लागलं. त्याच साली महाडच्या नगरपालिकेनं आपला ठराव फिरवला. आणि हेच बाबासाहेब 1925 ला प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहून बसले होते. ठराव, पैसा आणि पाणी एकाच दोरीला बांधलेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज तर हत्यारं जास्त आहेत. 74 वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली, नगरपालिकेला घटनेत जागा मिळाली. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी अट घातली, की हिशेब लोकांसमोर ठेवा, तरच अनुदान. स्थानिक निधी लेखापरीक्षा दरवेळी आक्षेप लिहिते, वसूलपात्र रकमा दाखवते. ते अहवाल वाचायला आपलं कोण जातं? राज्यातल्या कित्येक नगरपरिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात होत्या. एका सहीनं अंदाजपत्रकं पास झाली, प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या. आता निवडून गेलेल्यांना हार घालत बसू नका, कागद मागा.

माहितीचा अधिकार 2005 चा आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. तीन गोष्टी मागा. गेल्या तीन वर्षांचे प्रत्यक्ष जमाखर्च. दुर्बल घटक आणि दलित वस्ती निधीतल्या कामांची यादी, ठिकाणासकट. आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप. मग ती यादी घेऊन वस्तीत फिरा. यादीत शंभर फूट गटार असेल तर टेप लावून मोजा. दिवा असेल तर खांबाखाली उभे राहा, पेटतो का बघा. म्हातारीला विचारा, ती कुठल्याही ऑडिटरपेक्षा जास्त सांगेल.

गोदीत आम्ही गाठोड्यात आकडा रुतवतो, तेव्हाच ते जागचं हलतं. हे कागदावरचे आकडेही तसेच वापरा. नीट रुतवा, आणि ओढा.

जयभीम.