अरेथाची पर्स

आज अमेरिकेतल्या अरेथा फ्रँकलिन या गायिकेबद्दल बोलू. जन्म १९४२, मेम्फिसचा, वाढली डेट्रॉइटला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, तिथंच गळा तयार झाला. दहा वर्षांची व्हायच्या आत आई गेली.

१९६७ साली तिनं ‘रिस्पेक्ट’, म्हणजे ‘मान’, हे गाणं गायलं. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं. घरी आलं की बाईनं मान द्यावा, असं म्हणणाऱ्या पुरुषाचं. अरेथानं तेच बाईच्या तोंडी घातलं आणि अर्थच फिरला!

पण आम्हा गटातल्या बायकांना भावली ती तिची पर्स. काळ्या कलाकारांना तेव्हा सर्रास फसवत. म्हणून ती कार्यक्रमाचे पैसे आधी रोख घ्यायची, पर्स स्टेजवर नजरेसमोर ठेवायची.

इतकी हिशेबी बाई २०१८ साली गेली, तर रीतसर मृत्युपत्र नाही! हातानं लिहिलेले कागद घरात सापडले, त्यातले काही तर सोफ्याच्या गादीखाली. मुलांचा वाद कोर्टात गेला, तो २०२३ पर्यंत चालला.

पुढच्या बैठकीत आपण मृत्युपत्राचाच विषय घेतोय. वही-पेन घेऊन या.