खासदारांचं मत, माझं गणित आणि मामूंचा प्रश्न

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इंजिनिअर माणूस. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. राजकारणावर बोलायचा माझा अधिकार इथं बसलेल्या कुणाहीपेक्षा जास्त नाही. तरी मला बोलावलं, कारण मी एक उद्योग करून ठेवला होता आणि त्याचा त्रास याच गावात झाला. तो आधी सांगतो, मग गणिताकडे येतो.

2025 च्या एप्रिलमध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक संसदेत आलं. लोकसभेत 2 तारखेला चर्चा सुरू झाली आणि मध्यरात्र उलटल्यावर मतदान झालं. बाजूनं 288, विरोधात 232. पुढच्या रात्री राज्यसभेत 128 विरुद्ध 95. तुमच्यातले बरेच जण तेव्हा मोबाइल हातात घेऊन जागे होते, मीही होतो. झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. लोकसभेच्या कामकाजाच्या अहवालात, जिथं मतविभाजन झालेलं असतं तिथं, कोण 'होय' म्हणालं आणि कोण 'नाही', याची नावं छापलेली असतात. अशी मतदानं मी गोळा करत गेलो, एका मॉडेलमध्ये घातली आणि महाराष्ट्रातल्या खासदारांचा तक्ता तयार केला. एका टोकाला हिरवा रंग, दुसऱ्या टोकाला लाल, आणि प्रत्येक नावापुढं एक दशांश आकडा. वर शीर्षक दिलं, 'कोण आपला, कोण परका'. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि झोपलो.

गावात माझा शाळेपासूनचा एक मित्र आहे, मराठा समाजातला. चहाचं हॉटेल चालवतो आणि एका पक्षाचं काम करतो. त्याच्या पक्षाची नावं माझ्या तक्त्यात लाल होती. आपली पोरं चार-पाच दिवस त्याच्या हॉटेलात गेली नाहीत. त्याचा मला फोन आला. भांडला नाही तो. एवढंच म्हणाला, "मी कधी संसदेत गेलो रे? तुझ्या गणितात माझा नंबर किती आला, तेवढं तर सांग." त्याच दिवशी माझे मामू, जे जन्मभर मिरचीच्या धंद्यात आहेत, त्यांनी तक्ता बघून विचारलं, "जो आयाच नै, उसका रंग कौनसा?" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्ता काढून टाकला. पण एकदा फॉरवर्ड झालेली गोष्ट काय परत येते?

आता हे गणित काय असतं ते सांगतो. मिरचीच्या बाजारातलं उदाहरण घेऊ, म्हणजे आपल्याला इंग्रजी पुस्तक लागणार नाही. समजा एका ढिगावर बोली लागली आहे. 40 रुपयांवर एक व्यापारी गप्प झाला, 45 वर दुसरा, तिसरा 50 पर्यंत गेला. कोणाच्या मनात काय आहे हे कुणी सांगितलेलं नाही. पण असे शंभर ढीग बघितले की कोण कुठं थांबतो याचा अंदाज येतो आणि त्या व्यापाऱ्यांना एका रेषेवर ओळीनं बसवता येतं.

कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1980 च्या दशकात हेच काम तिथल्या काँग्रेसच्या मतदानावर केलं. त्यांच्या पद्धतीला 'नॉमिनेट' म्हणतात. प्रत्येक सदस्य म्हणजे रेषेवरचा एक ठिपका. प्रत्येक विधेयक ती रेषा कुठंतरी कापतं. कापाच्या अलीकडचे एका बाजूनं मत देतील, पलीकडचे दुसऱ्या. संगणक ठिपके मांडतो, किती मतांचा अंदाज चुकला ते बघतो, ठिपके थोडे सरकवतो, पुन्हा बघतो, आणि चुका कमी होत नाहीत तोवर हे चालू राहतं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी सांगतो, विद्यार्थ्याची कुवत आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकदम मोजायचं जे शास्त्र आहे, त्याचंच हे भावंड आहे.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. विधेयक कशाबद्दल आहे हे संगणकाला ठाऊकच नसतं. वक्फ काय, शेती काय, त्याला फक्त 1 आणि 0 दिसतं. रेषेच्या टोकांना नावं नसतात, ती आपण देतो. 'आपला' आणि 'परका' हे शब्द मॉडेलनं दिले नव्हते, ते रात्री दोन वाजता मी टाईप केले होते.

अमेरिकेत ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण तिथं सदस्याला पक्षाविरुद्ध मत द्यायची मोकळीक आहे. तरी तिथंही ती फसते. इल्हान ओमर आणि रशिदा तलैब ही नावं तुम्ही ऐकली असतील, अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेल्या पहिल्या दोन मुस्लिम महिला. त्यांच्या पक्षाच्या अगदी डाव्या टोकाच्या. नोव्हेंबर 2021 मध्ये पायाभूत सुविधांचं विधेयक 228 विरुद्ध 206 नं मंजूर झालं, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या ज्या सहा जणांनी विरोधात मत दिलं, त्यात या दोघी होत्या. गरिबांसाठीचं मोठं विधेयक मागं ठेवून हे पुढं का आणलं, हा त्यांचा राग होता. पण त्याच यादीत बहुतेक रिपब्लिकनांचीही 'नाही' अशीच मतं होती. मॉडेलला राग कसा दिसणार? अशा मतांमुळे त्या त्यांच्याच पक्षातल्या मवाळांच्या जवळ सरकलेल्या दिसतात.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पक्षादेश आहे, ज्याला व्हिप म्हणतात. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं, किंवा आदेश मोडून मतच दिलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. 1992 मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा वैध ठरवला. पण ही शिक्षा सरकारच्या बहुमताचा किंवा पक्षाच्या मुख्य धोरणाचा प्रश्न असेल तेवढ्यापुरतीच असावी, असंही म्हटलं. व्यवहारात पक्ष कशावरही व्हिप काढतात. मिरचीच्या बाजारात परत या. व्यापारी बोली लावतोय, पण कानाला फोन आहे आणि शेठ दुसऱ्या शहरातून सांगतोय, थांब किंवा वाढव. शंभर ढीग बघून तुम्हाला व्यापाऱ्याचं मन कळेल का? शेठचं कळेल. माझ्या तक्त्यातले दशांशापुढचे आकडे हे खासदारांचे नव्हतेच. एका पक्षाचे सगळे जवळपास एकाच ठिपक्यावर होते आणि मधला बारीक फरक कोण किती वेळा हजर होतं यातून आला होता. नव्यानं निवडून आलेल्यांच्या नावावर तर हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच मतदानं होती. हे मला कोड चालवतानाच दिसलं होतं. मी दुर्लक्ष केलं.

शेठसुद्धा बाजू बदलतो. 9 डिसेंबर 2019 ला लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयक 311 विरुद्ध 80 नं मंजूर झालं, तेव्हा शिवसेनेनं बाजूनं मत दिलं. दोनच दिवसांनी, 11 तारखेला, राज्यसभेत तीच शिवसेना मतदानाला थांबली नाही. मुंबईत दोन्ही काँग्रेससोबत सरकार येऊन तेव्हा दोन आठवडेच झाले होते. पुढं पक्ष फुटला आणि वक्फच्या वेळी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेनं विरोधात मत दिलं. मॉडेल म्हणेल ठिपका सरकला. विचार सरकला की आघाडी सरकली, हे त्या रेषेवर वेगळं करता येत नाही. आपल्या संसदेतली ही रेषा बहुतेक वेळा 'सत्तेत कोण आणि सत्तेबाहेर कोण' एवढंच सांगते.

त्याच सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाची गंमत बघा. 30 नोव्हेंबर 2019, मुंबईत विधानसभा. ठरावाच्या बाजूनं 169. भाजपनं सभात्याग केला, म्हणून विरोधात शून्य. चार आमदार तटस्थ राहिले. दोन एमआयएमचे, एक मार्क्सवादी कम्युनिस्ट, एक मनसेचा. माझ्या मॉडेलला ही एकच ओळ दिली तर हे चौघं सख्खे भाऊ! (हशा) तुम्ही हसलात, कारण हे पक्ष तुम्हाला आधीपासून माहीत आहेत. संगणकाला तेवढंही माहीत नसतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगतो, खास करून मागं बसलेल्या मुलींसाठी. 20 सप्टेंबर 2023 ला लोकसभेनं महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर केलं, 454 विरुद्ध 2. ते दोघं म्हणजे असदुद्दीन ओवेसी आणि आपल्या शेजारच्या औरंगाबाद मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. नॉमिनेटमध्ये असा नियम आहे की अल्पमतात अडीच टक्क्यांहून कमी मतं असतील तर ते मतदान बाजूला ठेवायचं, कारण त्यातून रेषेबद्दल काही कळत नाही. म्हणजे हे मत मॉडेलच्या लेखी झालंच नाही. आणि व्हॉट्सॲपच्या लेखी? 'दोन मुस्लिम खासदार महिलांच्या विरोधात.' त्यांनी सभागृहात कारण दिलं होतं. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी आरक्षणात आरक्षण नाही, म्हणून विरोध. हे कारण तुम्हाला पटेल किंवा पटणार नाही. मला स्वतःला अर्धंच पटतं. कमी मिळतंय म्हणून 'नाही' म्हणण्यापेक्षा मिळतंय ते घेऊन पुढचं मागावं, असं मला वाटतं. माझ्या बहिणीला हे अजिबात मान्य नाही. पण आमचं भांडण त्या कारणावर होतं. एका मतावरून माणसाचा रंग ठरवला असता, तर आमच्यात भांडायलाही काही उरलं नसतं.

मामूंचा प्रश्न राहिला. जो आलाच नाही, त्याचं काय? 30 जुलै 2019 ला तीन तलाकचं विधेयक राज्यसभेत 99 विरुद्ध 84 नं मंजूर झालं. बेरीज 183, सभागृह त्याहून बरंच मोठं. जनता दल संयुक्त आणि अण्णाद्रमुक यांनी चर्चेत विरोध केला आणि मतदानाआधी सभात्याग केला. बाहेर गेल्यानं बहुमताचा आकडाच खाली येतो. ते बाहेर गेले, यातच त्यांचं मत होतं. पण मॉडेल अशा रकान्यात 'माहिती नाही' लिहितं आणि पुढं जातं, जणू तो माणूस त्या दिवशी आजारी होता. निकाल जिथं फिरतो, नेमक्या त्याच जागा कोऱ्या राहतात.

त्याहून मोठी कोरी जागा आवाजी मतदानाची. 12 नोव्हेंबर 2014 ला फडणवीस सरकारनं विश्वासमत आवाजी मतदानानं जिंकलं. त्याच दिवशी निवडून आलेले अध्यक्ष हरिभाऊ बागडे हे फुलंब्रीचे, म्हणजे आपल्याच जालना लोकसभेतल्या विधानसभा मतदारसंघाचे. कोण कुठं होतं, याची नावं कुठंच नाहीत. शेतीचे कायदे आठवतात? राज्यसभेत 20 सप्टेंबर 2020 ला विरोधक मतविभाजन मागत होते, तरी आवाजानं मंजूर झाले. 29 नोव्हेंबर 2021 ला रद्द झाले तेही दोन्ही सभागृहांत चर्चेविना, आवाजानं. या गावातल्या शेतकऱ्याचा ज्या कायद्यांशी सरळ संबंध, ते आले आणि गेले, त्याचा एकही ठिपका माझ्या तक्त्यात नव्हता.

आणि संसदेला नावं ठेवण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीचं इतिवृत्त आठवा. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथं व्हिपचा धाक नाही. खरं मन दिसायला याहून चांगली जागा नाही. पण रजिस्टरमध्ये काय असतं? विषय, सूचक, अनुमोदक आणि शेवटी 'ठराव सर्वानुमते मंजूर'. बैठकीत कितीही आरडाओरडा झालेला असू दे.

मग हे गणित फेकून द्यायचं का? मी फेकलेलं नाही. अजून शिकतोय. प्रश्न विचारायला व्हिप लागत नाही, म्हणून खासदारांच्या मतांपेक्षा त्यांचे लोकसभेतले प्रश्न जास्त बोलके असतात. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरनं 1999 ते 2019 या वीस वर्षांतल्या प्रश्नांचा संच सगळ्यांसाठी खुला केलाय. पीआरएस या संस्थेच्या साइटवर प्रत्येक खासदाराची हजेरी आणि प्रश्न मिळतात. शिष्यवृत्ती, वक्फच्या जमिनी, मक्याचा भाव, यांवर आपल्या खासदारांनी काय विचारलं, हे एका दुपारी काढता येतं.

म्हणून मला चार जण हवेत, त्यातल्या किमान दोन मुली. एक वही करू. तारीख, विधेयक, नावं नोंदली गेली की आवाजी, व्हिप होता का, मत काय, हजर होते का, भाषणात काय म्हणाले. शेवटचा रकाना 'कारण'. तो आपण भरायचा नाही. जिथं कळलं नाही तिथं खासदारांना पत्र लिहायचं आणि उत्तर येईल तसं चिकटवायचं. रंग द्यायचे नाहीत.

रविवारी सकाळी दहाला बसू, माझ्या त्या मित्राच्याच हॉटेलात. त्याला विचारलंय. तो म्हणाला, "या, पण माझ्या पक्षाचं पान मी लिहिणार." मी हो म्हटलंय, तपासणारा मात्र दुसरा असेल. चहाचे पैसे माझ्याकडे, मागच्या वेळच्या पाच दिवसांसकट.