अर्ध्या कोयत्याचा हिशेब



बायकांच्या गरिबीवर बोलायचे म्हटले की आपण सवयीने अभावांपासून सुरुवात करतो: रोजगार नाही, शिक्षण नाही, पतपुरवठा नाही. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. गरीब बाईला काम नाही असे सहसा होत नाही. त्या कामाची तिच्या नावावर नोंद होत नाही. ही रीत जागतिक बाजाराने आणली नाही, ती जुनीच आहे. पण बाजाराला ती फार सोयीची पडली. उदाहरण आपल्याच साखरेचे घेते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात माणसे नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटे माणूस म्हणजे अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, मजुरी टनावर, जोडीला मिळून. बाईने पहाटे अंधारात कोपीपुढे चूल पेटवून भाकरी थापायच्या, मग फडात पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोकी सेंटर असेल तर त्या डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला खरा. पण तुलनेला दोन वेतने लागतात आणि इथे एकच आहे. कायदा मोडण्याचीसुद्धा गरज पडत नाही.

यावरून या धंद्याचे मोजमाप ढिले आहे असे कुणी समजू नये. साखरेचा बाजार खुला होत गेला: १९९८ साली साखर उद्योग परवानामुक्त झाला, २०१३ साली सरकारला स्वस्तात साखर देण्याचे लेव्हीचे बंधन गेले, २०२१-२२ मध्ये देशाने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली. मोजमाप मात्र दशांशापर्यंत: २०२४-२५ च्या हंगामात उसाचा किमान रास्त दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के साखर-उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला जादा भाव. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. म्हणून तोड थांबत नाही, सुट्टी मिळत नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. साऱ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे मी म्हणणार नाही. पण पाळीच्या दुखण्याला जिथे खाड्याचा दर लागतो, तिथे हा आकडा नुसता वैद्यकीय राहत नाही. उताऱ्यातला दशांश टिपणाऱ्या व्यवस्थेला फडातली बाई दिसत नाही, हे काही नजरचुकीने घडलेले नाही.

यावर पहिला आक्षेप आकडेवारीचा. सरकारी श्रमबल पाहणीनुसार स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. मग तक्रार कसली? त्याच पाहणीत पुढची ओळ वाचावी. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ६७.४ टक्के स्वयंरोजगारात होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरच्या शेतीत, घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. म्हणजे अर्धा कोयता फडापुरता नाही, देशभर आहे. आणि २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवत, घरकाम करणारे पुरुष ९७. हे काम तर कोयत्यातही धरलेले नाही.

दुसरा आक्षेप असा की जोडीची मजुरी शेवटी एकाच घरात जाते. जाते; पण उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात बाईही त्या कर्जाला बांधलेली असते. जो पैसा तिने हातात घेतला नाही, त्याची फेड मात्र तिच्या पाठीवर. राज्य सरकारच्या योजनेतून बायकांच्या खात्यात दरमहा येणाऱ्या १,५०० रुपयांची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. स्वतःच्या नावावरचा तो कित्येकींचा पहिला पैसा आहे. मात्र ते अनुदान आहे, तिच्या मोळ्यांचा दाम नव्हे, आणि एकाच्या बदल्यात दुसरे विसरायला लावणे ही चलाखी झाली.

म्हणून या परिषदेपुढे एकच मागणी ठेवते. तोडणीचा करार, मुकादमाची वही आणि मजुरीची पावती या तिन्हींवर दोघांची नावे असावीत आणि पैसे दोन खात्यांत जावेत. याला ना परदेशी कर्ज लागते, ना नवी योजना. ठरावाच्या मसुद्यावर दुपारच्या सत्रात आपण सविस्तर बोलावे, आणि तो साखर आयुक्तालयाकडे पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी पोचवावा, ही विनंती.