बारा नारळांच्या गावी



केंपेगौडांनी १५३७ साली वसवलेल्या या बेंगळुरूत पुढे शहाजीराजांचा दरबार भरत होता, हे पुण्याच्या पाहुण्यांनाही सांगावे लागते, म्हणून सांगतो. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख आहे. उद्या सकाळी दर्शनाला गाडी सोडली आहे.

शहाजीराजांच्या याच दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. मी बारा भाषांत कविता करतो, असा त्याचा अर्थ! त्याची ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ साली छापली. त्याच्या नावाची साधी गल्लीसुद्धा मला या शहरात सापडलेली नाही. पालिकेला द्यायचा अर्ज बाहेरच्या टेबलावर आहे, सही केल्याशिवाय जेवायला जाऊ नये.

स्वतःला इजा करून घेण्यावरच्या या परिषदेशी याचा काय संबंध, असे कार्यवाह मघापासून डोळ्यांनी विचारताहेत. आहे थोडा, भाषेचा. मी व्यापारी माणूस. शहरातली माणसे स्वतःला इजा का करून घेतात, हे तुम्ही डॉक्टर, समुपदेशक जाणता. पण रात्री तातडीच्या विभागात आणलेली मुलगी परक्या भाषेत ‘चुकून झालं’ एवढेच म्हणते. घरातली भांडणे, कर्ज, नवऱ्याची दारू हे सारे ती आपल्याच भाषेत बोलते. आत्महत्येचा आधीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा मोठा इशारा, असे तुम्हीच सांगता. मग ती पहिली विचारपूस वाया जाऊन कसे चालेल? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे मानले, तरी घरच्यांना पोलिसांचीच धास्ती. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो. आमची निम्हान्स ही संस्था तिचे शिखर केंद्र आहे, हे अभिमानाने सांगतो.

आता क्षमायाचना. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळेल. गाड्या लावायला जागा अपुरी आहे, आणि सिल्क बोर्ड चौकाच्या वाहतूककोंडीत अडकलेले दोन वक्ते अजून पोचायचे आहेत. पुरणपोळी आज आहे, उद्या बिसिबेळे भात. तिखट झाल्यास आचाऱ्याला नव्हे, मला बोलावे. विटा-खानापूरकडून येऊन इथे सोने-चांदी गाळणाऱ्या आमच्या गलाई बंधूंनी मांडवाचा सगळा खर्च उचलला. नावे घेऊ नका म्हणाले, म्हणून घेत नाही. भांडी देणारी मंडळी, रात्रभर सतरंज्या घालणारी पोरे, पोळ्या लाटणाऱ्या भगिनी, कोणाकोणाचे आभार मानू? ज्यांचे राहिले त्यांनी जेवणाच्या वेळी मला गाठावे. उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलन करावे, अशी विनंती करतो.