संगणकाचे परसदार



मुळशी तालुक्याची दोन रूपे आहेत. पूर्वेस हिंजवडी व माण यांच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे आहे. पश्चिमेस ताम्हिणी घाटाच्या आश्रयाने वाड्यावस्त्या विखुरलेल्या आहेत. संगणक मात्र दोन्हीकडे पोहोचला आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची आकारणी, विद्यार्थ्यांची माहिती आणि वित्त आयोगाच्या निधीतून होणारी देयके ही कामे त्याच्याच साहाय्याने पार पडतात. त्यामुळे संगणकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आता केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. तो ग्रामपंचायतीच्या कचेरीचाही झाला आहे.

परसदार म्हणजे काय?

घराच्या दर्शनी दाराला कुलूप असते. परंतु परसदाराची कडी आतून कोणी काढून ठेवली, तर त्या कुलपाचा उपयोग काय? संगणकाचा सांकेतिक शब्द म्हणजे दर्शनी दाराचे कुलूप होय. काही घातक प्रणाली संगणकात शिरून आतून अशी कडी काढून ठेवतात. त्यांना इंग्रजीत ‘बॅकडोअर’ म्हणतात. अशी प्रणाली संगणक सुरू होताच आपोआप चालू होते, इंटरनेटवरून आपल्या धन्याशी संधान बांधते आणि त्याच्या आज्ञेची वाट पाहते. तो धनी दूरदेशी बसून कागदपत्रे वाचू शकतो, कळफलकावर टंकलेली अक्षरे टिपू शकतो, नोंदी बदलू शकतो आणि आणखी घातक प्रणाली आत आणू शकतो. धरणाच्या सांडव्यावरून पडणारे पाणी सर्वांना दिसते. भिंतीतून झिरपणारे पाणी दिसत नाही. हा धोका दुसऱ्या प्रकारचा आहे.

पुण्यातील धडा

१९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये असाच हल्ला झाला. बँकेच्या यंत्रणेत घातक प्रणाली घुसवून हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी एक तोतया यंत्रणा उभी केली. पैशाची मागणी खऱ्या खात्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती परस्पर मंजूर होऊ लागली. ११ ऑगस्ट रोजी, शनिवारी, काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये बनावट कार्डांद्वारे काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख रुपये झाली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले.

त्यापूर्वी जून २०१७ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम अशाच आपत्तीने विस्कळीत झाले होते. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या अधिकृत सुधारणेतच हे परसदार दडविण्यात आले होते आणि तेथून उपद्रव जगभर पसरला.

शिरकाव आणि लक्षणे

ग्रामीण कचेरीत हा शिरकाव बहुधा साध्या वाटांनी होतो. फुकट मिळविलेली चोरटी प्रणाली, अनोळखी ई-मेलसोबत आलेली फाईल, या संगणकातून त्या संगणकात फिरणारा पेनड्राइव्ह, या त्या वाटा होत. संगणक अकारण मंदावणे, विषाणुरोधक प्रणाली आपोआप बंद पडणे, अपरिचित वापरकर्ता नोंदलेला आढळणे, काम थांबलेले असतानाही इंटरनेटची देवाणघेवाण चालू राहणे, ही संशयाची लक्षणे होत. परंतु लक्षण नाही म्हणजे रोग नाही, असे समजू नये. कुशल हल्लेखोर निमूटपणे वावरतो.

निर्मूलनाचा क्रम

संशय येताच प्रथम इंटरनेटची तार काढावी व वायफाय बंद करावे. त्यायोगे धन्याशी असलेला संबंध तुटतो. त्या संगणकावर बँकेचे कोणतेही काम करू नये. आर्थिक हानी झाली असल्यास संगणक घाईने पुसून टाकू नये. तपासासाठी पुरावा त्यातच असतो.

दुसरे, सर्व सांकेतिक शब्द बदलावेत. मात्र ते दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून. बाधित संगणकावर टंकलेला नवा शब्दही चोराच्या हाती पडतो. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीचा गैरवापर झाल्याचा संशय असल्यास ती त्वरित रद्द करवून घ्यावी.

तिसरे, अद्ययावत विषाणुरोधक प्रणालीने पूर्ण तपासणी करावी. चालू संगणकात घातक प्रणाली स्वतःला दडवू शकते. म्हणून विंडोज सुरू होण्यापूर्वी होणारी ‘ऑफलाइन’ तपासणी अधिक भरवशाची ठरते. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही विनामूल्य उपलब्ध आहेत.

चौथे, तरीही शंका उरल्यास पुरावा जतन केल्यानंतर संगणक पूर्णपणे पुसून अधिकृत प्रणाली नव्याने बसवावी आणि बाधेपूर्वीच्या सुरक्षित प्रतींतून कागदपत्रे तपासून परत घ्यावीत. ज्या वाटेने शिरकाव झाला ती वाट बंद केली नाही, तर हे सर्व श्रम वाया जातील.

आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर विनाविलंब करावी. शासकीय संस्थांनी अशा घटनेची माहिती सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेस कळवावी, असा निर्देश एप्रिल २०२२ मध्ये देण्यात आला आहे.

नित्याची दक्षता

डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण काम संपताच संगणकातून काढून ज्याचे त्याने स्वतःजवळ ठेवावे. देयकासाठी दोन स्वाक्षऱ्यांची तरतूद आहे, ती एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे म्हणून. दोन्ही उपकरणे एकाच खणात राहिली, तर ती तरतूद निरर्थक ठरते. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. नोंदींची एक प्रत संगणकाशी न जोडलेल्या साधनावर दर आठवड्यास घ्यावी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने असे संगणक बदलण्याची वा अद्ययावत करण्याची तरतूद ग्रामपंचायतींनी अंदाजपत्रकात करावी.

गावाचे दप्तर पूर्वी लोखंडी कपाटात असे आणि किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असे. दप्तराचे स्वरूप बदलले. किल्लीची जबाबदारी मात्र पूर्वीच्याच माणसांवर आहे.